चार दिवस एकटीने कुठे जावे?

प्रश्न : मी ४९ वर्षांची असून डोंबिवलीत राहते आणि मुंबईतल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करते. सासूबाई सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचे सगळे मी आणि एका मदतनीस बाईंनी केले. गेल्या चैत्रात त्या गेल्या. आता घरातले काम कमी झाले आहे, तरी थकवा जात नाही आणि रात्री दोनला जाग येते ती येतेच. माझी आई आठ वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे माहेरपणही उरलेले नाही. कुठेतरी शांत ठिकाणी चार-पाच दिवस एकटीने जाऊन नुसते पडून राहावे, असे फार वाटते. यजमान म्हणतात, ‘एकटी कशाला? सगळेच जाऊ, नाहीतर संगमेश्वरजवळचे आपले घर बंदच आहे, तिथे जाऊन ये.’ बहीण महिलांच्या सहलीबरोबर केरळला चल म्हणते, तर मैत्रीण इगतपुरीला विपश्यनेला बस म्हणते. मुलगा बारावीला आहे, म्हणून अपराधी वाटते. गुडघे थोडे दुखतात. पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकते. आजवर हॉटेलात एकटी कधीच राहिलेली नाही. कुठे जाऊ? आणि मुळात जाऊ का?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. जरूर जा, आणि मुलाची परीक्षा होईपर्यंत थांबू नका. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि त्याआधी महिनाभर सराव परीक्षा, प्रात्यक्षिके आणि त्यांच्यापाठोपाठ येणारा घरातला ताण असतो. त्या दिवसांत त्याला विसावलेली आई हवी असेल, आज आहे त्या अवस्थेत त्याच्या शेजारी बसून जागणारी आई त्याच्या फारशी उपयोगी पडणार नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे तीन-चार आठवडे तुमच्यासाठी सर्वांत चांगले आहेत. हवा निवळलेली असते, सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि नाताळापासून १ जानेवारीपर्यंत कोकणात नि डोंगरावरच्या ठिकाणी जी झुंबड उडते, ती अजून लांब असते. सोमवारी निघून शुक्रवारी परत या, म्हणजे पूर्ण चार रात्री मिळतील. जमल्यास महिन्याच्या दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी संपणारा आठवडा निवडा. त्या शनिवारी बँक बंद असल्यामुळे पाच दिवसांच्या रजेत परतल्यानंतरचे दोन दिवसही तुमच्या हाती राहतील आणि शुक्रवारी रात्री बॅग ठेवून शनिवारी सकाळी काउंटरवर बसण्याची वेळ येणार नाही.

माहेरपणाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ते तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटले. आपल्याकडे बाईने घर सोडून चार दिवस एकटीने विसावा घ्यावा, ही गोष्ट मुळीच नवी नाही. लग्न झालेली मुलगी वर्षातून एकदा-दोनदा माहेरी जाई, आई तिला उशिरापर्यंत झोपू देई, गरम जेवण पुढ्यात आणून ठेवी, आणि ती एकटी का आली असे कोणी विचारत नसे. सासरच्यांनाही ते मान्य असे. आई गेल्यावर ही सोय नाहीशी होते, विसाव्याची गरज मात्र तशीच राहते आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती उलट वाढते. तुमच्या यजमानांशी बोलताना हेच सांगा. ‘मला तुमच्यापासून दूर जायचे आहे’ असा अर्थ त्यांनी लावला असण्याची शक्यता आहे आणि ‘सगळेच जाऊ’ हे त्यांचे म्हणणे प्रेमापोटीच असावे. त्यांना आठवण करून द्या की तुमची आई असताना तुम्ही चार दिवस माहेरी जात होता आणि तेव्हा त्यांना त्यात काही वावगे वाटले नव्हते. सगळ्यांनी मिळून जायची सहलही जरूर करा, पण ती परीक्षेनंतर एप्रिल-मेमध्ये. त्या सहलीत कोणाला किती वाजता भूक लागते, कोणाचे औषध राहिले, मुलाला तिथले जेवण आवडते का, हे सगळे तुम्ही पाहणार आहात, आणि आत्ता तुम्हाला नेमकी त्यापासूनच सुट्टी हवी आहे.

याच कारणासाठी संगमेश्वरच्या घरी जाऊ नका. हा सल्ला वरवर पाहता सोयीचा आणि फुकटातला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. पावसाळाभर बंद असलेले कोकणातले घर उघडले की काय समोर येते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. गाद्यांना ओल आलेली असते, माळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडलेला असतो, पंप सुरू होत नाही, अंगणात गुडघाभर गवत असते. पहिला दिवस झाडण्यात जातो, दुसरा वायरमन आणि प्लंबर शोधण्यात. तिसऱ्या दिवशी भाऊबंदांना कळलेले असते की वहिनी आल्या आहेत, मग चहाला येणेजाणे सुरू होते, सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांची हकीकत प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावी लागते, आणि आंब्याच्या कलमांचे किंवा हद्दीच्या गडग्याचे जे काही तुंबलेले असेल तेही तुमच्याच कानावर घातले जाते. सासरच्या गावी सून कितीही वर्षांनी गेली तरी सूनच असते. ते घर उघडायचे असेल तर यजमानांनी मुलाची परीक्षा संपल्यावर स्वतः जाऊन उघडावे.

बहिणीने सुचवलेल्या महिलांच्या सहलींचा मला आदर आहे. ज्या बायकांनी आयुष्यात कधी एकटीने तिकीट काढले नव्हते, त्यांना या सहलींनी देश दाखवला. पण त्यांचा दिवस पहाटेच्या चहापासून रात्रीच्या करमणुकीच्या कार्यक्रमापर्यंत बांधलेला असतो, बसमध्ये आपली जागा असते, खोलीत अनोळखी जोडीदारीण असते आणि आठवड्यात तीन-चार मुक्काम बदलतात. ज्यांना उत्साह आहे पण सोबत नाही, त्यांच्यासाठी ते उत्तम. तुम्हाला सोबत नको आहे आणि उत्साह शिल्लक नाही. बहिणीला म्हणा, पुढच्या वर्षी नक्की येईन.

इगतपुरीच्या बाबतीत मात्र जरा नीट विचार करायला हवा, कारण ‘शांतता’ आणि ‘एकटीने’ हे दोन्ही शब्द तिथे लागू पडतात आणि त्यामुळे अनेकांची गल्लत होते. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रातले पहिले शिबिर दहा दिवसांचे असते आणि येण्या-जाण्याचे दिवस धरून बारा दिवस लागतात. पहाटे चारला घंटा होते, दिवसातले सुमारे दहा तास ध्यानाला बसायचे असते, फोन, वाचन, लिखाण सगळे बंद असते आणि सहसाधकांशी बोलायचे नसते. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिलेली ही शिस्त विचारपूर्वक आखलेली आहे आणि तिचा लाभ झालेली पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्चीही मिळते. तरीही ही साधना आहे आणि साधनेला शिल्लक शक्ती लागते. सहा वर्षे रात्री-अपरात्री उठून ज्यांनी रुग्णाची कूस बदलली आहे, त्यांना आधी पहाटे चारला न उठण्याची गरज आहे. शिवाय एवढ्या मोठ्या मौनात दडपलेले दुःख अंगावर येऊ शकते आणि तुमच्या घरातला मृत्यू अजून ताजा आहे. वर्षभराने, झोप परत आल्यावर, तुम्हाला स्वतःला ओढ वाटली तर जा.

आता जागेविषयी. शांत ठिकाण निवडताना आपण सवयीने ‘तिथे पाहण्यासारखे काय आहे’ असे विचारतो. तुम्ही विचारायचा प्रश्न असा की, तिथे पोहोचल्यानंतर मला काय काय ठरवावे लागेल. जेवायला कुठे जायचे, रिक्षा मिळेल का, हा ‘पॉइंट’ पाहिला नाही तर आलो तरी कशाला, असे जितके निर्णय तुमच्यापुढे येतील तितके ते ठिकाण तुमच्यासाठी चुकीचे. म्हणून महाबळेश्वर नको, तिथे दिवसभर टॅक्सीवाले पॉइंटांची यादी घेऊन उभे असतात. तारकर्लीला पाण्यातल्या खेळांचा गजबजाट आहे, गणपतीपुळ्याला चतुर्थीच्या आसपास उभे राहायला जागा नसते, आणि अलिबाग जवळ आहे म्हणूनच सगळ्या मुंबईचे आहे. भंडारदऱ्याचे पाणी फार सुंदर, पण स्वतःची गाडी नसेल तर तिथे हातपाय बांधल्यासारखे होते.

माझी पहिली पसंती गुहागरला आहे. गाव समुद्राला समांतर, एका लांबलचक रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वसलेले आहे. वरचा पाट, खालचा पाट अशा दोन वस्त्या, मध्ये व्याडेश्वराचे देऊळ, आणि घरांच्या मागे नारळी-पोफळींच्या वाड्या थेट पुळणीपर्यंत, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूपर्यंत, गेलेल्या. गाव सपाट असल्यामुळे तुमच्या गुडघ्यांना चढ-उताराचा त्रास नाही. या वाड्यांमध्येच अनेक कुटुंबांनी दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या आहेत आणि घरचे जेवण त्याच अंगणात मिळते, म्हणजे दिवसातला सर्वांत मोठा निर्णय तुमच्या डोक्यावरून उतरतो. नोव्हेंबर-डिसेंबरात अंगणात सोललेल्या किंवा सालासकट सुपाऱ्या वाळत पसरलेल्या असतात, दुपारी दोन ते चार रस्त्यावर चिटपाखरू नसते, आणि रात्री जेवणे उरकून घर शांत झाले की सुरूच्या बनापलीकडून लाटांचा आवाज खोलीपर्यंत येतो. दुपारच्या पानावर वरण-भात, एखादी फळभाजी, सोलकढी आणि आदल्या दिवशी सांगितले असेल तर उकडीचा मोदक, असे साधे जेवण असते. मासे खात असाल तर घर ठरवतानाच विचारा, कारण गुहागरातल्या बऱ्याच घरांत स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असतो.

पाहण्यासारखे फारसे नसणे हा गुहागरचा मोठाच गुण आहे. दुर्गादेवीचे देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हेदवीचा दशभुज गणेश आणि वेळणेश्वर ही ठिकाणे वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात येतात, पण तिथे गेलाच नाहीत तरी काही बिघडत नाही. फार तर चौथ्या दिवशी घरमालकांना सांगून ओळखीची रिक्षा ठरवा. वेळणेश्वरलाच का राहू नये, असे कोणी विचारील. गाव आणि तिथली चंद्रकोरीसारखी पुळण गुहागरपेक्षाही निवांत आहे हे खरे, पण तिथे एसटीच्या फेऱ्या कमी आहेत आणि पर्यटन महामंडळाचे निवासस्थान टेकडीवर आहे, त्यामुळे समुद्रावर जायचे म्हणजे उतरणे आले आणि परतताना चढणे आले. पहिल्यांदाच एकटीने राहणाऱ्या बाईच्या हाकेच्या अंतरावर औषधांचे दुकान, दवाखाना आणि बसस्थानक असलेले बरे.

प्रवासासाठी रेल्वेच निवडा. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण इतकी वर्षे रेंगाळले आहे की कमरेला नि गुडघ्यांना तो रस्ता सोसवणार नाही. मांडवी एक्स्प्रेस आणि जनशताब्दी या दोन्ही गाड्या सकाळच्या असून ठाण्याला थांबतात आणि चिपळूणलाही थांबतात. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा आठवडा ठरला की पहिले काम तेच करा, खिडकीची जागा मागा आणि परतीचेही तिकीट त्याच वेळी काढा. चिपळूण स्थानक गावाबाहेर वालोप्याला आहे, तिथून रिक्षाने बसस्थानकावर यायचे आणि गुहागरची एसटी पकडायची. अंतर साधारण ४५ किलोमीटर, वाटेत मार्गताम्हाणे आणि शृंगारतळी लागते, आणि २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट निम्मेच पडते. त्या दिवशी अंगात त्राण नसेल तर चिपळूणहून सरळ खासगी गाडी करा. घरगुती राहणे-जेवणे आणि हा सगळा प्रवास तुमच्या पंधरा हजारांत बसेल, म्हणून या एका ठिकाणी हात आखडता घेऊ नका.

काही कारणाने इतके लांब जाणे जमले नाही, उदाहरणार्थ चार रात्रींऐवजी तीनच मिळाल्या, तर माथेरानचा विचार करा. डोंबिवलीहून कर्जत लोकलने नेरळ, तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका, आणि पुढे मोटारींना बंदी. हॉर्न नाही, इंजिनाचा आवाज नाही, फक्त तांबड्या मातीच्या वाटा आणि डोक्यावर झाडे, ही गोष्ट मुंबईच्या इतक्या जवळ दुसरीकडे कुठेच मिळत नाही. पण दोन अटी आहेत. मंगळवार ते गुरुवार एवढ्याच रात्री धरा, कारण शनिवारी-रविवारी बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. आणि दस्तुरीपासून वस्तीपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर चालत जाण्याचा मोह टाळा. अमन लॉजपासून छोटी गाडी सुटते तिने जा, कारण त्या वाटेवरचे दगड दुखऱ्या गुडघ्यांना चांगले नाहीत. बाजारापासून दूरची खोली घ्या आणि खिडकीत खाऊ ठेवू नका, माकडे क्षणात नेतात.

एकटीने राहण्याचीच तुम्हाला फार धास्ती वाटत असेल, तर तिसरी एक वाट आहे. पुण्याजवळ उरुळीकांचनला महात्मा गांधींनी १९४६ मध्ये सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले कैवल्यधाम आहे. अशा संस्थांमध्ये एकटे येणे हीच रीत असल्यामुळे कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. मात्र तिथे आहार आणि दिनक्रम वैद्यकीय शिस्तीचा असतो आणि मुक्कामाचे दिवसही त्यांच्या उपचारांप्रमाणे ठरतात. तीर्थक्षेत्रांतली भक्तनिवासे स्वस्त असतात, परंतु त्यांपैकी काही ठिकाणी एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत. नृसिंहवाडीसारख्या ठिकाणी मन रमत असेल तर आधी फोन करून विचारा आणि मार्गशीर्षातली दत्तजयंती टाळा.

खोली ठरवताना फक्त छायाचित्रे पाहून पैसे पाठवू नका, फोन करा, आणि शक्य असेल तर घरातल्या बाईंशी बोला. पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही एकट्या येणार आहात, चार रात्री राहणार आहात आणि विश्रांतीसाठी येत आहात. ‘एकट्याच? मिस्टर नाही येणार?’ असा प्रश्न आला तर बिचकू नका, कोकणात तो कुतूहलाने विचारला जातो आणि तुम्ही पोहोचल्यावर कुठच्या, गाव कोणते, माहेर कोणते, हेही विचारले जाईल. लक्ष ठेवायचे ते त्यापुढच्या बोलण्याकडे. ‘या की, आम्ही घरातच असतो’ असे सहज उत्तर आले तर ते घर चांगले. ओळखपत्रावरून किंवा भाड्यावरून टोलवाटोलवी सुरू झाली तर दुसरा क्रमांक लावा. मालक त्याच आवारात राहतात का, दाराला आतून कडी आहे का, संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे का आणि कमोड आहे का (गुडघ्यांसाठी हे संकोच न करता विचाराच), खोली तळमजल्यावर आहे का, वीज गेली तर जनरेटर कोणत्या बाजूला लागतो, एका माणसापुरते जेवण करून देतात का, आणि त्या आठवड्यात एखाद्या लग्नाच्या किंवा कंपनीच्या गटाचे आरक्षण आहे का. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि मग रात्री अकरापर्यंत शेजारच्या अंगणातला स्पीकर ऐकत बसतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, म्हणून तुमच्या तारखांना हे जास्तच लागू आहे.

सुरक्षिततेसाठी फार काही लागत नाही, पण जे लागते ते नेमाने करा. घराचा पत्ता, मालकांचा क्रमांक आणि गाडीचे तिकीट यजमानांजवळ आणि बहिणीजवळ ठेवा. ११२ हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. समुद्रात उतरू नका, पावले भिजतील एवढेच जा, आणि दिवेलागणीच्या सुमारास पुळणीवरून परत या. चालायचे ते ओहोटीच्या वेळी, ओल्या घट्ट वाळूवरून, कारण कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघ्यांवर फार ताण येतो. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून ती काढतात, म्हणजे अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. मनात हा हिशेब जमला नाही तरी घरातले कोणीही सांगेल.

आता तिथे गेल्यावर काय होईल, याची थोडी कल्पना देते, म्हणजे तुम्ही घाबरून दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी शोधणार नाही. पहिला दिवस प्रवासात जातो. दुसरा दिवस बहुधा सर्वांत वाईट असतो. दीर्घकाळ कोणाची तरी शुश्रूषा केलेल्या बायकांच्या बाबतीत मी हे वारंवार पाहिले आहे की रिकामे बसल्यावर त्यांचे हात आणि कान अस्वस्थ होतात, कोणी हाक मारली की काय असे वाटत राहते, आणि ‘इथे मी काय करते आहे’ या विचाराने रडू येते. रडू आले तर रडा. सहा वर्षांत आणि त्यानंतरच्या दिवसकार्याच्या गडबडीत तुम्हाला सासूबाईंसाठी, स्वतःसाठी रडायला वेळ मिळाला होता का, मला शंका आहे. रात्री दोनला तिथेही जाग येईल. गेली सहा वर्षे त्या वेळी तुम्ही कशासाठी उठत होता, ते शरीर अजून विसरलेले नाही. घड्याळ पाहू नका, फोन हातात घेऊ नका, अंधारातच पडून राहा, आणि झोप लागली नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर बिनदिक्कत झोपा. तिसऱ्या दिवशी बहुतेकींना भूक लागते, खरीखुरी, आणि तिथून पुढे परत निघेपर्यंत खरी विश्रांती मिळते. दोन रात्रींची सहल तुम्हाला पुरणार नाही असे मी म्हणते, ते याचसाठी.

घरी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी फोन करा. रात्री जेवणाआधी दहा मिनिटे पुरेत. बँकेचा आणि सोसायटीचा गट त्या पाच दिवसांपुरता बंद ठेवा. सोबत हलके काहीतरी वाचायला न्या, विणकाम आवडत असेल तर सुया-लोकर न्या, पण ‘या चार दिवसांत हे पूर्ण करीन’ असे काहीही नेऊ नका. छायाचित्रे पाठवत बसू नका, कारण ती पाठवली की प्रतिक्रिया येतात आणि प्रतिक्रियांना उत्तरे द्यावी लागतात.

निघण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर करा. तुमच्या वयात न जाणारा थकवा आणि मोडलेली झोप यांमागे नुसता शीण असेलच असे नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ब१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून घ्या आणि रजोनिवृत्तीच्या अनुषंगाने स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. दोष तिथे असेल तर समुद्रकिनारा तो दुरुस्त करू शकत नाही, आणि तुम्ही परत येऊन ‘जाऊनही काही उपयोग झाला नाही’ असे स्वतःलाच लावून घ्याल. परतल्यानंतरही झोप सुधारली नाही, कशातच मन लागेनासे झाले किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर उशीर न करता डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

राहिला घराचा प्रश्न. चार दिवसांच्या भाज्या करून फ्रिज भरून ठेवू नका. आदल्या रविवारी दिवसभर ओट्यापाशी उभे राहून जी बाई सोमवारी गाडीत बसते, ती पहिले दोन दिवस त्या रविवारचाच शीण काढत असते. यजमान आणि सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मिळून कुकर लावू शकतात, पोळ्या बाहेरून आणू शकतात, आणि एखादे दिवशी वडापाववर भागवले तर परीक्षेचे काही बिघडत नाही. मुलाला तुम्ही स्वतः, त्याच्याशेजारी बसून सांगा की आजीच्या आजारपणात मी फार दमले आहे आणि चार दिवस झोपायला जाते आहे. तो त्या सहा वर्षांत त्याच घरात वाढला आहे, त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

यजमानांनी एवढ्यावरही आग्रह धरला, तर त्यांना ठाण्यापर्यंत गाडीत बसवून द्यायला आणि शुक्रवारी तिथेच न्यायला यायला सांगा, मधल्या काळात गुहागरला येऊन ‘सरप्राइज’ देऊ नका असेही सांगा. आणि येत्या एक-दोन दिवसांत रजेचा अर्ज देऊन टाका.